१९७१ची ‘राजपूत’ रंगवतोय, मामी म्हणते जहाज चुकलंय

कोपरीकर:
पुढच्या महिन्यात मामांची पंचाहत्तरी. ७१ साली ते आयएनएस राजपूतच्या बॉयलररूममध्ये होते. म्हणून ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमबाहेर डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकणारी ‘राजपूत’ काढतोय, दोन बाय तीन फुटांचं ऑइल. जहाज नेटवरच्या फोटोंवरून उतरवलं. मामीला गुपचूप फोटो पाठवला, तर म्हणाली, “हे ह्यांचं जहाज नव्हे.” मामांना विचारता येत नाही, सरप्राइज आहे. काय चुकलं? (पाणी ठाण्याच्या खाडीसारखं आलंय, ते मला दिसतंय. त्यावर नको.)

डोलकाठी:
मामी बरोबर आहेत. तुम्ही काढलीय ती दुसरी राजपूत, डी-५१, सोव्हिएत बनावटीची, १९८० साली आलेली आणि २०२१ला निवृत्त झालेली. तिला चार धुराडी, जोडीजोडीने. मामांची राजपूत म्हणजे ब्रिटिशांची ‘रॉदरहॅम’, १९४२ची, क्लाइडबँकला बांधलेली. आपल्याकडे १९४९ला आली. एकच धुराडं, दोन तोफा पुढे, दोन मागे. क्षेपणास्त्रं खोडाच. आणि झेंडा! शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन २०२२ला आला. तेव्हा पांढऱ्यावर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता.

नेरूळची अनू:
आकाश एवढं काळंकुट्ट कशाला? दत्तजयंती नुकतीच झालेली, २ तारखेला पौर्णिमा. मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर हवा, लाटांवर चांदी येऊ द्या. पाण्याचा फवारा जहाजाच्या बाजूला नको, मागे, कारण डेप्थ चार्ज फुटेपर्यंत जहाज पुढे निघून गेलेलं असतं. आणि ती पाण्यावर येऊन फुटणारी गाझी, म्हणजे पाकिस्तानी पाणबुडी, पुसा. ती खालीच बुडाली, आणि राजपूतच्या माऱ्याने की स्वतःच्या पोटातल्या स्फोटाने, यावर अजून भांडणं चालू आहेत.

कोपरीकर:
दोघांचेही आभार. सगळं दुरुस्त केलं आणि सरप्राइज फुटलं. काल मामा न कळवता आले, कॅनव्हास बाल्कनीत वाळत होता. चंद्र, झेंडा, तोफा, कशावर चकार शब्द नाही. धुराड्यातून मी मस्त काळा लोट सोडला होता, त्यावर मात्र भडकले. “लढाईत असा धूर? म्हणजे आम्ही खाली झोपा काढत होतो? बर्नरला हवा कमी पडली की हा असा धूर. वरून शिव्या यायच्या आम्हाला.”

रंग ओला आहे तोवर टर्पेंटाइनने पुसतोय. अर्धा चंद्रही गेला.