एमपीपीएससीचा इतिहास: आजोबा मराठीत, पेपर हिंदीत

रामबागची_पोर

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, जन्म रामबागेतला, घरात अजून मराठीच बोलतात. बी.कॉम. झालं आणि आता एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, मागे लागले आहे. पूर्वपरीक्षा यंदा दुसऱ्यांदा देणार. बाकी विषयांचं माझं मी बघते. अडलंय ते इतिहासात, आणि तेही नेमकं ज्या इतिहासावर मी मैत्रिणींत फुशारकी मारत आले त्यातच.

अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हा इतिहास सुटला. मागच्या वर्षी पुण्याच्या मावशीने तिच्या मुलाची राज्यसेवेची मराठी पुस्तकं पाठवली. सहा महिने बसून ती वाचली, खुणा केल्या. होळकर आणि शिंदे तर वाचावेच लागले नाहीत, ते आजोबांकडून जेवताना वरणभाताबरोबर मिळालेत.

मग भंवरकुआंला क्लास लावला. मुख्य परीक्षेच्या सरावात प्रश्न आला, सालबाई की संधि का महत्व समझाइए. मला आनंदाचं भरतं आलं. तो मराठे-इंग्रज तह घडवणाऱ्या महादजी शिंद्यांचा पाय पानिपतावर कसा जायबंदी झाला, राणेखान भिश्त्याने त्यांना कसं वाचवलं, पुढे राणेखान सरदार कसा झाला, असं दीड पान लिहिलं. कॉपी परत आली ती दहापैकी दोन घेऊन. खाली लाल पेनात, "कहानी अच्छी है। उत्तर कहाँ है?"

दुसरं दुखणं शब्दांचं. 'व्यपगत का सिद्धांत' वाचून मी मिनिटभर छताकडे बघत बसले. आमच्या पुस्तकात 'संस्थानं खालसा केली' असं सरळ लिहिलंय. एका प्रश्नात टिळकांच्या नावापुढे 'उग्रवादी' होतं, माझा तर पाराच चढला. जहाल म्हणा ना!

क्लासची मुलं म्हणतात पुण्याची पुस्तकं फेकून दे. मन होत नाही. सकाळी बाबांच्या दुकानावर बसते, दुपारी दोन ते रात्री दहा लायब्ररीत सीट आहे. हातात साधारण चार महिने. सगळं नव्याने हिंदीतून वाचू, की आहे त्यावरच काही करता येईल?


भिया_राजवाडेवाला

ताई, फेकू नको, माळ्यावर टाक. मागच्या दहा वर्षांचे पेपर काढ, इतिहासाचे प्रश्न कापून एका वहीत चिकटव आणि तेच घोळ. पूर्वपरीक्षेत शंभर प्रश्न, त्यात इतिहासाचे असून असून किती? एवढा जीव नको टाकू. माझी पूर्वपरीक्षा निघाली ती चालू घडामोडींवर, इतिहासावर नाही. (मुख्य परीक्षा नाही निघाली, ते सोड.)


कोषालयातला_काका

भियाच्या कंसातलं वाक्य नीट वाच पोरी, ते फार मोलाचं आहे.

मी ५२ वर्षांचा, जिल्हा कोषालयात नोकरी, घर लोकमान्य नगरात. तीनदा मुख्य परीक्षा दिली. आमच्या वेळी पूर्वपरीक्षेलाही एक वैकल्पिक विषय असे, मी अर्थातच इतिहास घेतला, कारण आपल्या रक्तातच आहे ना. पहिल्या दोन वेळा त्या रक्तानेच मला बुडवलं. सुभेदार मल्हारराव, खंडेराव, अहिल्यादेवी, मालेराव, सगळी वंशावळ तारखांसकट लिहून यायचो आणि बाहेर पोहे खाताना मित्रांना सांगायचो, आज तर फोडला पेपर. निकालात इतिहासच सगळ्यात खाली.

तुझ्या सालबाईचंच घेऊ. राणेखान खरा, पण परीक्षक विचारतोय की त्या तहाने काय बदललं. मागे जा. रघुनाथरावाला पेशवाई हवी होती, त्याने १७७५ला सुरतेला इंग्रजांशी तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारला तो पटला नाही, म्हणून १७७६ला पुरंदरचा. मुंबईकर इंग्रजांना तो पटला नाही, ते पुण्यावर चालून आले आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला नाक घासलं. मग कुठे १७ मे १७८२ला सालबाई. साष्टी इंग्रजांकडे राहिली, सवाई माधवराव हाच पेशवा हे त्यांनी मान्य केलं, रघुनाथरावाला पेन्शन दिली, आणि जवळजवळ वीस वर्षं मोठं युद्ध झालं नाही. त्या वीस वर्षांत इंग्रजांनी म्हैसूरचा निकाल लावला. हा झाला महत्त्वाचा गाभा.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, जी मला तिसऱ्या वेळी उमगली. मे महिन्यात ठरलेल्या तहाला इंग्रजांच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने जूनमध्ये मंजुरी दिली, पण नाना फडणवीसाने ती दिली थेट फेब्रुवारी १७८३मध्ये. नऊ महिने नाना कशाची वाट बघत होता? दक्षिणेत हैदर अली इंग्रजांशी लढत होता. तो जिवंत असेपर्यंत इंग्रजांना मराठ्यांशी शांतता हवीच होती, म्हणजे नानाच्या हातात हुकमाचा पत्ता होता. डिसेंबर १७८२मध्ये हैदर वारला आणि तो पत्ता गेला. हे एकदा कळलं की सालबाईचं साल, हैदरचं साल, दुसरं म्हैसूर युद्ध, तिन्ही एकाच खुंटीला टांगली जातात. मी त्यानंतर सनावळ्या पाठ केल्याच नाहीत.

सालबाई आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरजवळ. घरातला मध्य प्रदेशचा नकाशा काढ आणि तह त्यावर लाव. दुराहा, सीहोरकडे, जानेवारी १७३८: भोपाळला कोंडीत सापडलेल्या निजामाकडून बाजीरावाने माळवा आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख कबूल करून घेतला. मंदसौर, ६ जानेवारी १८१८: महिदपूरच्या लढाईनंतर पंधरवड्यात होळकर इंग्रजांच्या मुठीत, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपण ज्या गावात राहतो ते राजधानी झालं तेच मुळी एका पराभवातून, हे आजोबांनी सांगितलं होतं का? माझ्याही नाही. नकाशात एक फसवं नाव आहे, राजघाट. यशवंतराव होळकरांचा इंग्रजांशी १८०५चा तह. हा राजघाट दिल्लीचा नव्हे आणि आपल्याकडचाही नव्हे. रणजितसिंगाची मदत मागायला ते पंजाबात गेले होते, तिथे बियास नदीकाठी झाला. पर्यायांत हमखास गंडवतात.

शब्दांचं तुझं दुखणं खरंच आहे आणि औषध स्वस्त आहे. दहा रुपयांची वही घे, पान मधोमध दुमड. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे पेपरातला. तैनाती फौज – सहायक संधि. खालसा – व्यपगत किंवा हड़प नीति. कायमधारा – स्थायी बंदोबस्त. असहकार – असहयोग. कायदेभंग – सविनय अवज्ञा. चले जाव – भारत छोड़ो. मवाळ – उदारवादी, नरमपंथी. जहाल – उग्रवादी, गरम दल (रागावू नको, त्यांच्याकडे तो जुना शब्द आहे, आजच्या बातम्यांतला नव्हे). शिलालेख – अभिलेख. माझ्या वहीत शेवटी दीडशेच्या वर जोड्या झाल्या होत्या. पुस्तकं मावशीचीच वाच, समज मराठीतून पक्की होते ते चांगलंच आहे. फक्त वाचताना उजवीकडचा शब्द ओठांवर आण आणि उत्तर लिहायला बसलीस की हिंदीतच विचार कर. इथे मराठीत उत्तर लिहायची सोय नाही.

पण मावशीच्या पुस्तकात जे नाहीच, त्याचं काय? कायथा, एरण, बेसनगर, ही आपल्या राज्यातली प्राचीन ठिकाणं. बेसनगरच्या गरुडस्तंभाचा हेलिओडोरस तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील होता आणि स्वतःला भागवत म्हणवत होता, म्हणजे ग्रीक माणूस वासुदेवाचा भक्त! एरणचा ५१० सालचा लेख, ज्यात गोपराज लढाईत पडल्यावर त्याची बायको सती गेल्याचा उल्लेख आहे, तो दर दुसऱ्या टेस्टमध्ये येतो. भीमबेटकाच्या चित्रांच्या गुहा १९५७ला उजेडात आणल्या त्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी, नीमचचे, आपलेच मराठी. तेवढं मात्र आजोबांना नक्की सांग.

आणि एक, जे मी कोणाला सहसा सांगत नाही. आपल्या घरांतला इतिहास राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरून दिसतो तेवढाच असतो. निमाड इथून दोन-तीन तासांवर, पण इंग्रजांशी लढलेले तिथले भिल्ल पुढारी भीमा नायक, खाज्या नायक ही नावं मी पंचविशी उलटेपर्यंत ऐकली नव्हती. जबलपूरला १८५७च्या सप्टेंबरात तोफेच्या तोंडी दिलेले शंकरशाह आणि रघुनाथशाह, रामगढच्या अवंतीबाई, १८८९ला फाशी गेलेला टंट्या भिल्ल. अमझेऱ्याच्या बख्तावरसिंहांना तर फाशी दिली इंदुरातच, फेब्रुवारी १८५८मध्ये. मी त्या जागेवरून रोज सायकलने कॉलेजला जायचो. एमपीपीएससी हे सगळं विचारते, आणि विचारायलाच हवं. इथे मला खरोखर नव्याने वाचावं लागलं, तुलाही लागेल. चारातले दोन महिने यालाच दे.


सयाजीगंज_४०१

बडोद्याहून. काकांशी सहमत, थोडी भर. मी यूपीएससी करतो. तिथे मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, त्यामुळे आमच्याकडचे बरेच जण हुरळून मराठी माध्यम घेतात आणि पूर्वपरीक्षेला पेपर समोर येतो तो हिंदी-इंग्रजीत. मग तुझ्यासारखंच छताकडे बघणं. शिवाय तिथे चुकलं की त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण कापतात, मिनिटभर बघत बसणं महागात पडतं.

गायकवाडांचं आमच्या घरी तेच. सयाजीरावांच्या शाळा आणि ग्रंथालयं सगळ्यांना तोंडपाठ, पण गायकवाडांनी १८०५ला तैनाती फौजेचा तह केला हे विचारलं तर आत्या म्हणाल्या, "असं काही नव्हतं हो." माझा इतिहास वैकल्पिक आहे, पहिल्या पेपरात नकाशाचे ५० गुण आहेत, म्हणून भिंतीवर कोरे नकाशे लावून रोज वीस ठिकाणं भरतो. राज्यसेवेला लागत नसलं तरी करून बघ, काकांचे तह त्यात बसतील.


भिया_राजवाडेवाला

काका, दंडवत. माझीही वही आज रात्री दुमडतो.


रामबागची_पोर

तीन आठवड्यांनी लिहितेय. वही झाली, चौऱ्याऐंशी जोड्या. काल पहिल्यांदा 'स्थायी बंदोबस्त' वाचून थेट कॉर्नवॉलिस डोळ्यांसमोर आला, मधे कायमधाऱ्याला वळसा घालावा लागला नाही.

सालबाई पुन्हा लिहिलं, दहापैकी साडेसहा. घरी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणि राणेखान?" म्हटलं, आजोबा, तो दोनशे शब्दांत बसत नाही. चिडले. मग नानाचे नऊ महिने सांगितले तर गप्प झाले आणि रात्री उशिरा माझ्या खोलीशी येऊन म्हणाले, नाना तसा होताच. त्यांनी निमाडच्या नायकांबद्दलही विचारलंय, आता त्यांना मीच जेवताना सांगते.

काका, होळकरांवरही लिहिलंय, सुरुवात बघाल का? "१८०५ की राजघाट संधि द्वारा यशवंतराव होलकर ने सहायक संधि स्वीकार की। फलस्वरूप..."


कोषालयातला_काका

थांब, पहिल्याच वाक्यात गडबड. राजघाटला तैनाती फौज गळ्यात पडलीच नाही. दौलतराव शिंदे आणि भोसले १८०३मध्ये हरून बसले होते, पेशवा त्याच्याही आधी वसईला सही करून मोकळा झाला होता, आणि यशवंतराव मात्र १८०५मध्ये ती फौज न घेता सुटले. ती आली १८१८ला मंदसौरला, यशवंतराव जाऊन सहा वर्षं उलटल्यावर, मुलगा अल्पवयीन असताना, त्याच्या नावाने कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच माणसांनी मारल्यावर लगेच. म्हणजे 'फलस्वरूप'च्या पुढचं सगळं बदलेल. १८०५ आणि १८१८ यांच्या मधल्या तेरा वर्षांत होळकरांकडे काय मोडलं, ते आधी एका परिच्छेदात लिही. होळकरांचा सरदार अमीर खान विसरू नको, १८१७ला तो टोंक घेऊन बाजूला झाला.

रविवारी दुपारनंतर टाक, सकाळी मला गॅसवाल्याकडे जायचंय.