'जेनेटिक काउन्सेलिंग'ला मराठीत काय म्हणायचं, समुपदेशन की सल्ला?

जेनेटिक काउन्सेलिंगच्या (आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबाला समजावून सांगण्याच्या कामाच्या) ट्रेनिंगचं मटेरियल मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. कुठे 'जनुकीय समुपदेशन' लिहितात, कुठे 'आनुवंशिक सल्ला' (आणि 'अनुवांशिक' नको हं, अनुवंश वरून आनुवंशिक). पण या कोर्समध्ये सुरुवातीपासून बजावतात काय, तर सल्ला द्यायचा नाही, माहिती नीट सांगा, पर्याय उलगडून दाखवा, निर्णय त्या कुटुंबाचा. रोलप्लेमध्ये समोरची बाई विचारते, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" तेव्हा उत्तरही द्यायचं नाही आणि तिला तोडायचंही नाही, तिला नेमकं कशाचं भ्या वाटतंय तिथपर्यंत हळूहळू पोचायचं. मग याला सल्ला कसं म्हणू? आणि समुपदेशनात तर सरळ उपदेशच बसलाय!

——

सल्ला नकोच. मूळ इंग्रजी शब्द अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी १९४७ साली मिनेसोटात सुचवला, तोही मुद्दाम, कारण आधीच्या 'जेनेटिक हायजीन'ला वंशशुद्धीचा वास यायचा. (पहिला मास्टर्स कोर्स त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६९ मध्ये, सारा लॉरेन्स कॉलेजात.) राहिला उपदेश, तर त्यातला धातू दिश्, म्हणजे दाखवणे, तुम्ही वर लिहिलंय तेच की! शिवाय समुपदेशन म्हटल्यावर आता कोणाला प्रवचन आठवत नाही, शब्द रुळलाय, मी तोच ठेवेन.

——

दिश् चं पटलं, समुपदेशनच ठेवते. पण त्याहून जास्त मला 'रिस्क' छळतोय. 'धोका' लिहिलं की वाचणाऱ्याचं मत तिथेच ठरतं, म्हणून 'शक्यता' केलंय. आकडा कसा सांगितला यावरही लोकांना तो लहानमोठा वाटतो, यावर रिसर्च झालंय. आईवडील दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील (म्हणजे स्वतःला आजार नाही, पण त्याच्या जनुकाची एक बदललेली प्रत अंगात आहे) तर मुलाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के, पण नुसतं 'चारात एक' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं पहिल्याला झाला ना, आता पुढची तिघं सुटली. तसं नसतं, म्हणून मी 'दर गरोदरपणात नव्याने चारात एक' असं लिहिलंय, लांबलं तर लांबू दे.

जनुकातल्या 'म्युटेशन'ला 'दोष' पण काढून टाकलाय, 'बदल' केलंय. आईने रिपोर्टमध्ये 'दोष' वाचला की ती तो स्वतःच्या अंगाला लावून घेते.

आता एकच अडलंय, 'व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स'. बदल सापडलाय पण तो आजाराचा की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. 'अर्थ न उलगडलेला बदल' चालेल का? 'संशयास्पद' अजिबात नको.