आई-बाबांना घेऊन अल्बर्टा : काय ठेवू, काय गाळू?

टोरांटोचा_बाळ्या
मंडळी, आई-बाबा सांगलीहून आले आहेत. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला. आता बाबांना अल्बर्टा प्रांतातला रॉकी पर्वत बघायचाय. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅल्गरीला उतरून आठवडाभर फिरावं म्हणतोय. बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर आणि तिथून गाडीनेच व्हँकूव्हर, असा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. बाबांचं सगळं आयुष्य उसाच्या शेतीत गेलं, त्यामुळे तळ्याकाठी फोटो काढून झाले की ते लगेच "आता पुढे काय?" विचारतात. सल्ला द्या.

निवांत_नाना
व्हँकूव्हर गाळा. जॅस्परहून ८०० किलोमीटरच्या आसपास पडतं. अख्खा दिवस गाडीत जाईल आणि आईंच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते होईलच.

बो_काठची
नानांना +१. मी कॅल्गरीत राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेक लुईसजवळच्या मोरेन लेकला स्वतःची गाडी नेता येत नाही, २०२३ पासून बंदी आहे. पार्क्स कॅनडाच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) शटल बसचं आरक्षण आधी करावं लागतं. काही जागा दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता खुल्या होतात. ही वेळ अल्बर्टाची, तुमच्याकडे तेव्हा १० वाजलेले असतील. त्याच आरक्षणावर लेक लुईसही होतं. तिथे पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा शटलच बरी.

लेक लुईस ते जॅस्पर हा डोंगरातून जाणारा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता, आइसफील्ड्स पार्कवे, मात्र चुकवू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून सोयीचा डोंगर मला माहीत नाही. बो लेक रस्त्याला लागूनच आहे. पेटो लेकची वाट पक्की असली तरी चढाची आहे, आईंना विचारून ठरवा. अथाबास्का हिमनदीवर मोठाल्या चाकांची बस थेट बर्फावर नेते. तिकीट महाग आहे, पण तुमच्या बाबतीत घ्याच, कारण पायी जायची वाट चढाची आहे. ही हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. कुठल्या साली बर्फ कुठवर होता याच्या पाट्या वाटेवर लावल्यात.

बाबांना एक गंमत सांगा. ही हिमनदी ज्या कोलंबिया आइसफील्डमधून (बर्फाचं विस्तीर्ण पठार) उतरते, तिथलं पाणी तीन महासागरांकडे जातं. अथाबास्का नदीचं उत्तरेला आर्क्टिककडे, कोलंबियाचं पॅसिफिककडे आणि नॉर्थ सस्कॅचेवानचं हडसन बेमार्गे अटलांटिककडे.

निघताना टाकी भरून घ्या. मध्ये सस्कॅचेवान क्रॉसिंगला एकच पंप आहे आणि बहुतेक रस्त्यावर फोनला रेंज नसते, नकाशे उतरवून ठेवा. जॅस्परमध्ये जुलै २०२४ च्या वणव्यात गावाचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. जळालेलं जंगल दिसेल, आई-बाबांना आधी कल्पना द्या. राहायच्या खोल्याही लवकर बघा.

खाण्याची चिंता नको. बॅन्फमध्ये भारतीय हॉटेलं आहेत. पार्कवेवर मात्र डबा हवाच. कॅल्गरीच्या ईशान्य भागात पंजाबी दुकानांतून सगळं मिळतं.

माळरान
सगळे डोंगरातच अडकलात! अल्बर्टा महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे आणि रॉकी ही त्याची फक्त नैर्ऋत्येची किनार. बाबा शेतकरी असतील तर त्यांना दक्षिणेच्या सपाटीवर न्या. सप्टेंबरात गहू आणि कॅनोलाची (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) काढणी चालू असते. कम्बाइन हार्वेस्टर बघायला ते स्वतःहून गाडी थांबवायला लावतील.

आणि टेबर! तिथे बीटापासून साखर करणारा कारखाना आहे, अख्ख्या कॅनडात असा हा एकच. गळीत नंतर सुरू होतं, तेव्हा धुराडं पेटलेलं दिसणार नाही, पण उभं बीट दिसेल. हा पट्टा रॉकीच्या पर्जन्यछायेत येतो, आपल्या माणदेशासारखा. म्हणून डोंगरातला बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी कालव्यांनी शेतात आणलंय. रस्त्याकडेला टेबरचा मका विकतात, तो घ्याच.

निवांत_नाना
माळरान, गवत बघायला माणसं विमानाचं तिकीट काढत नाहीत हो.

माळरान
नाना, तुम्ही ड्रमहेलर पाहिलंय का? कॅल्गरीहून दीड तास. सपाट शेतातून जाता जाता जमीन एकदम खाली कोसळते आणि पट्ट्यापट्ट्यांच्या उघड्या टेकड्या समोर येतात. त्यातले काळे पट्टे कोळशाचे, गावच मुळी खाणींवर वाढलं. १८८४ साली जोसेफ टायरेल कोळशासाठी पाहणी करत असताना त्याला इथे मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. त्याच्या नावाचं रॉयल टायरेल संग्रहालय १९८५ पासून आहे. व्हीलचेअर आत नेता येते. हे खडक साधारण सात कोटी वर्षांचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थराच्याही थोडे आधीचे. मी तरी तिथे अर्धा दिवस ठेवेन.

बो_काठची
ड्रमहेलरला माझंही मत. टेबरचं सांगायचं तर लांब आहे, अडीच तासांहून जास्त. तिथे एक मुक्काम टाकायचा असेल तर जॅस्परचा मुक्काम सोडा आणि हिमनदी बघून त्याच दिवशी लेक लुईसकडे परत फिरा. वाटेत फोर्ट मॅक्लाउडजवळ हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जम्पही होईल. ब्लॅकफूट या तिथल्या मूलनिवासी लोकांचे पूर्वज बायसनचे (अमेरिकेतले रानगवे) कळप कड्यावरून लोटून शिकार करत, ती जागा. जागतिक वारसा यादीत १९८१ पासून आहे. आत लिफ्ट आहे.

टोरांटोचा_बाळ्या
सगळ्यांचे आभार. व्हँकूव्हर कटाप. बाबांना धागा वाचून दाखवला, तर ते म्हणाले, तळी दोन पुरेत, बीटाचं एकरी उत्पन्न किती ते विचार. माळरान, माहीत आहे का? आणि आई विचारतेय, थंडी किती?

बो_काठची
पहाटे शून्याजवळ, दुपारी स्वेटर काढावासा वाटेल. बर्फही पडू शकतो. कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट घ्या, आणि गुडघ्यांचे पट्टे सामानात नको, हाताशी ठेवा.