मीटरच्या एका गिअरसाठी गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग उघडावं का?

जुनी_चाकं

ट्रक जुना, वेगाचं मीटर केबलवर चालणारं. आधी काटा थरथरायला लागला, मग एके दिवशी शून्यावर झोपला. किलोमीटरचे आकडेही त्याच दिवशी थांबले. दोन्ही एकदम बंद म्हणजे बिघाड बहुतेक मीटरात नाही, खाली आहे. केबल काढून पाहिली, अखंड होती. एक बोल्ट सोडवून गिअरबॉक्सच्या कुशीतला, केबल फिरवणारा छोटा पिनियन (दातेरी चाक) बाहेर घेतला. दोन-तीन दाते कुरतडल्यासारखे, पण अगदीच गेलेला नाही. मग मागची चाकं घोडीवर घेतली, गाडी न्यूट्रलला टाकली, भोकात टॉर्च मारली आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवला. गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरतोय, पण पिनियनला फिरवणारा त्यावरचा प्लास्टिकचा गिअर ढिम्म! तडकून सैल झालाय.

पिनियन बाहेरून बदलता येतो, शाफ्टवरचा गिअर नाही. प्रोपेलर शाफ्ट सोडवा, गिअरबॉक्सला जॅक लावा, आडवा बीम काढा, मागचं हाउसिंग उतरवा, तेव्हा कुठे तो हाती लागणार. ज्याला सांगितलं त्याने वेड्यात काढलं: ‘जीपीएसचं मीटर चिकटव आणि मोकळा हो.’

मी उघडणार आहे. तेल कधी बदललं, ग्रीस कधी मारलं, हे सगळं किलोमीटरवर चालतं. आणि गिअरचे तुकडे आत तेलात फिरत असताना डॅशबोर्डवर नवी डबी चिकटवणं मला पटत नाही. तुमचं मत सांगा, शिव्याही चालतील.

सरळ_रस्ता

शिव्या नाही, पण हा हट्ट आहे. जुन्या बीमचे बोल्ट गंजलेले असतात. एक तुटला की गिअर राहतो बाजूला आणि तुम्ही दोन दिवस ड्रिल घेऊन गाडीखाली. कशासाठी? तर मुळातच जास्त वेग दाखवणाऱ्या मीटरसाठी. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ३९ बघा: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किमी इतकं चालतं. म्हणजे गाडी ८० ने जात असताना काटा ९२ वर असला तरी नियमात बसतं. जीपीएसला टायर झिजला काय, बदलला काय, फरक पडत नाही.

तेलकट_बाही

@सरळ_रस्ता, बोगद्यात शिरलात की तुमचा जीपीएस गप्प. गाडी चालू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंतही गप्प. आणि मूळ मीटरवरचे किलोमीटर कायमचे गोठणार, त्याचं काय?

मीटर जास्त दाखवतं हा दोष नाही, हिशोब आहे. शाफ्टवरच्या गिअरचे दाते गुणिले डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांचं) गुणोत्तर गुणिले टायरचे दर किलोमीटरला होणारे फेरे, भागिले मीटरला दर किलोमीटरला हवे असलेले केबलचे फेरे. उत्तर येतं ते पिनियनचे दाते. अमेरिकी धाटणीच्या मीटरला मैलाला १००० फेरे लागतात, म्हणजे किलोमीटरला साधारण ६२१. समजा ७ दाते, ३.५५ गुणोत्तर, टायरचे ४६६ फेरे. उत्तर १८.६. आता १९ चा पिनियन घातला तर काटा जवळजवळ दोन टक्के कमी दाखवणार, तुम्ही सांगितलेल्या नियमात ते बसत नाही. १८ चा घाला, साडेतीन टक्के जास्त दाखवेल, बिनघोर चालवा.

आणि पिनियनचे दाते बदलले तर त्याचं हाउसिंग कसं बसतं तेही बघा. क्रायस्लरच्या ७२७ टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये त्या हाउसिंगचं भोक मुद्दाम मध्यापासून सरकवलेलं असतं आणि कडेला दात्यांचे आकडे कोरलेले असतात. आपला आकडा खाली येईल असंच ते फिरवून बसवायचं. नाही बसवलं तर नवा पिनियन काही दिवसांत भुगा.

दोन_थेंब_डिंक

एवढा खटाटोप कशाला? भोकातून इपॉक्सी सोडायचं, गिअर शाफ्टला चिकटवायचा. नाहीतर थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायचा.

तेलकट_बाही

तेलाने माखलेल्या शाफ्टवर, बोटही न शिरणाऱ्या भोकातून, न दिसणाऱ्या जागी इपॉक्सी? करून बघा आणि फोटो टाका. छापलेला गिअरही हाउसिंग न उतरवता आत कसा जाणार? तरी छापायचाच तर नायलॉनमध्ये छापा. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, लांब चढावर गिअरबॉक्सचं तेल त्याच्या बरंच वर जातं.

केबल_आधी_बघा

तुम्ही सगळे मेलेल्याबद्दल भांडताय, मारणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

मीटरच्या काट्याला जोर जवळजवळ लागतच नाही. केबल एक चुंबक फिरवते, शेजारी ॲल्युमिनियमची वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह भोवरतो आणि वाटी स्प्रिंगविरुद्ध थोडी वळते. चुंबक वाटीला शिवतही नाही. किलोमीटरच्या चाकांना थोडा जोर लागतो, बस. इतक्या हलक्या कामाने गिअर तडकत नाही. जुनं प्लास्टिक गरम तेलात ठिसूळ होतं हे खरं, पण शेवटचा धक्का बहुतेक वेळा कोरड्या केबलचा असतो. काटा आधी थरथरत होता ना? ते हेच. केबल अडकते, पीळ साठतो, एकदम सुटते. दर थरथरीला गिअरला एक फटका.

‘अखंड होती’ याला तपासणी म्हणत नाहीत. आतली तार बोटात धरून फिरवा, तीही केबल गाडीत जशी वळते तशी वळवून. सरळ धरल्यावर गुळगुळीत फिरणारी केबल वळणावर अडकते. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच लावा, वरच्या टोकाला लावलं की ते चढून मीटरात शिरतं. आणि पिनियनचं छोटं सील बदला, नाहीतर गिअरबॉक्सचं तेलही केबलमधून वरची वाट धरतं.

जीपीएस की गिअर, ते नंतर ठरवा. हीच केबल ठेवलीत तर नवा गिअरही तसाच जाईल.

मागचा_ॲक्सल

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी हे वाचून गिअरबॉक्स उघडू नका. आपला मीटर गिअर बहुधा ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) असतो.

सरळ_रस्ता

केबलचा मुद्दा मान्य. तुकड्यांचा बाऊ मात्र मान्य नाही. साध्या (मॅन्युअल) गिअरबॉक्सचं तेल काढलं की बरेचसे निघतात, उरलेले तळाशी पडून राहतात. लोखंडासारखं दात्यात अडकून ते काही फोडणार नाहीत. वेगाचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असलेल्या गाडीत गिअर दुरुस्त करावाच लागेल, तिथे क्रूझ कंट्रोल आणि गिअर बदलणं त्यावर असू शकतं. इथे नुसता काटा आहे.

जुनी_चाकं

उघडला. एक बोल्ट तुटलाच, @सरळ_रस्ता, तुमच्या तोंडात साखर पडो. गिअर सर्कलिपने (स्प्रिंगच्या कडीने) अडकवलेला होता. गिअरची अर्धी रिंग शाफ्टवर, बाकीची हाउसिंगच्या खाचेत तेलाच्या गाळात. काही गिअरबॉक्समध्ये याच जागी एक छोटी स्टीलची गोळी असते म्हणून आधी खाली फडकं अंथरलं होतं, आमच्यात नव्हती. मागचं ऑइल सील लाकडासारखं कडक झालेलं, बुशही झिजलेला, दोन्ही बदलतोय. नवा गिअर गरम पाण्यात ठेवला, मग ठोकाठोक न करता सरकला.

आणि @केबल_आधी_बघा, केबल वळवून फिरवली. एका जागी अशी अडकली की बोटांना झटका बसला. नवी टाकतोय.

सरळ_रस्ता

गाडी रस्त्यावर आली की काटा ८० वर धरा, शेजारच्याला फोनवरचा जीपीएस बघायला लावा आणि आकडा इथे लिहा. १९ चा पिनियन घातलात की १८ चा, ते मी सांगतो.