अनुभव धागा : जुना संगणक, नवी प्रणाली आणि आयआरक्यूची टक्कर

नौपाडा, ठाणे : काल माळा आवरताना जुना पेंटियम सापडला. झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला वहीचा पिवळा कागद दिसला आणि १९९८ सालच्या त्या तीन रात्री आठवल्या. लिनक्स ही संगणकप्रणाली नीट बसत असे, पण नेटवर्क सुरू होताच माउसचा बाण जागीच थिजत असे. माउस कॉम २ या सिरियल पोर्टवर होता, म्हणजे आयआरक्यू (उपकरण ज्या क्रमांकाच्या तारेने प्रोसेसरचे लक्ष वेधते तो क्रमांक) ३, आणि एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाचा जम्परही (हा क्रमांक ठरवणारी छोटी टोपी) ३ वरच होता. तांदळाच्या दाण्याएवढा तो जम्पर आईच्या चिमट्याने १० वर सरकवला आणि सगळे सुरळीत झाले. त्या दिवसापासून प्रत्येक कार्डाचा आयआरक्यू आणि पत्ता (संगणक ज्या क्रमांकावर त्या कार्डाशी बोलतो तो) त्या कागदावर लिहिल्याशिवाय मी प्रणालीची सीडी आत घातली नाही. आपलेही अनुभव लिहावेत.

कळवा : आमचा अंतर्गत मोडेम कॉम ३ वर होता आणि माउस कॉम १ वर; दोघांचाही आयआरक्यू ४ असल्यामुळे डायल केले की माउस मरत असे. बाबा महिनाभर टेलिफोनच्या तारेला दोष देत होते.

वाशी : पीसीआय या नव्या पद्धतीच्या खाचेत बसणारी कार्डे एकच आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, आयएसए या जुन्या खाचेतल्या कार्डांना ते सहसा जमत नाही. त्यामुळे जम्परवाले कार्ड ज्या क्रमांकावर असेल, तो बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ आज्ञावलीत) 'लेगसी आयएसए'साठी आधीच राखून ठेवावा, नाहीतर बायोस तोच क्रमांक एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. ही एक नोंद न केल्यामुळे मी विंडोज ९५ चार वेळा बसवले होते, याची हळहळ अजूनही वाटते.

ऐरोली : दादा, माझ्याकडे साउंड कार्ड पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) १ असे आहे आणि दुसरे प्रिंटर पोर्टही ५ वरच आहे. आधी काय काढू?

नौपाडा, ठाणे : दुसरे प्रिंटर पोर्ट वापरात नसेल तर ते बंद करावे. साउंड कार्डही तूर्त काढून ठेवावे. केवळ डिस्प्ले कार्ड आणि डिस्क ठेवून प्रणाली बसवावी, मग एकेक कार्ड परत लावून प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून पाहावे. वेळ लागतो, पण कोणत्या कार्डापाशी अडते ते लगेच कळते.

ऐरोली : आज रात्री मुले झोपली की उघडतो. चिमटा शोधून ठेवला आहे.