'फॉरेन्सिक म्हणजे देखावा' या मताला उत्तर

मेधा, नौपाडा
फॉरेन्सिक पथक हा निव्वळ देखावा आहे, गुन्हे उघड होतात ते खबऱ्यांमुळे आणि कबुलीजबाबांमुळे, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची सक्ती त्यांना पोलिसांवरचे ओझे वाटते. मी ठाण्यात फौजदारी वकिली करते आणि हे मत मला घातक वाटते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. त्यातून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे भिस्त घटनास्थळावरच राहते. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडली की जिवाणू आणि बुरशी डीएनएची नासाडी करतात. मी चालवलेल्या एका खटल्यात आरोपीचा शर्ट ऐन पावसाळ्यात किराणा दुकानाच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला होता. अहवालात रक्त मानवी असल्याचे आले, पण ते कोणाचे हे सांगता आले नाही. दिल्लीच्या छावला येथील सामूहिक बलात्कार व खून प्रकरणात फाशी सुनावलेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्दोष सोडले. नमुने ११ दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. पुरावा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच मरतो, हे माझे म्हणणे आहे.

निवृत्त सहायक फौजदार, कोपरखैरणे
ताई, तुमचे कायद्याचे ज्ञान मी नाकारत नाही, परंतु तुम्ही घटनास्थळ पाहता ते पंचनाम्याच्या कागदावर. आम्ही पोहोचतो तेव्हा शेजारी, वॉचमन आणि नातेवाईक खोलीतून फिरून गेलेले असतात आणि कुणीतरी आपुलकीने फरशीही पुसलेली असते. रात्रपाळीच्या मोजक्या माणसांतून एकाने दोरी बांधून गर्दी अडवायची, एकाने मृतदेह शवविच्छेदनासाठी न्यायचा आणि एकाने पंच शोधत दारोदार फिरायचे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेच या सक्तीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे, ती उगीच नव्हे. शिवाय मोठमोठ्या सोसायट्यांमधील सुशिक्षित माणसे पंच म्हणून बोलावले की दार लावून घेतात. ठसेतज्ज्ञाने कपाटाच्या काचेवर पावडर फिरवून ठसा चिकटपट्टीवर उचलला, तरी त्यावर सही करायला माणूस कोठून आणायचा?

खारघरकर
दार का लावून घेतात, ते मी सांगतो. आमच्या इमारतीत घरफोडी झाली तेव्हा मी पंच झालो. मध्यरात्र उलटल्यावर पंचनामा वाचून न दाखवताच माझी सही घेतली आणि लाखेचे सील लावलेल्या पाकिटांवर माझ्या सहीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. काही वर्षांनी समन्स आले. न्यायालयाच्या व्हरांड्यात दिवसभर बसवून पुढची तारीख दिली, रजा बुडाली, आणि अखेर साक्ष झाली तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी मला 'पोलिसांचा नेहमीचा पंच' ठरवले. माझ्या चिठ्ठीवर तारीख कोणत्या शाईने लिहिली होती, असेही विचारले. मेधाताई, हे तुमच्याच व्यवसायातील लोक करतात. पुन्हा मी कधीही पंच होणार नाही.

मेधा, नौपाडा
तुमचा मनस्ताप खरा आहे, परंतु तो प्रश्न विचारणे हे त्या वकिलांचे कर्तव्यच होते. त्या चिठ्ठीच्या आधारावर कोणाला तरी वर्षानुवर्षे तुरुंगात घालायचे असते. वाचून न दाखवता सही घेणाऱ्यांवर रागवा. आता नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. ते नीट झाले, तर पंचाच्या स्मरणशक्तीवर एवढा भार राहणार नाही.

निवृत्त सहायक फौजदार, कोपरखैरणे
म्हणजे दोष पुन्हा आमचाच! पंच फितूर झाला तर तपास ढिसाळ, आणि फितूर झाला नाही तर तो आमचा पंच. अशा वेळी पोलिसाने करायचे तरी काय?

घणसोलीकर
चित्रीकरणावर एवढा भरवसा ठेवू नका. चित्रफीत शिपायाच्या खासगी मोबाईलवर राहिली आणि तेथून कुणी ती संदेशातून पुढे पाठवली, तर फाइल आकुंचित होते आणि तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेला तिचा ओळख-आकडा, मूळ फाइलशी जुळत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हेच मूल्य लिहावे लागते. अशा चित्रीकरणासाठी सरकारने ई-साक्ष्य हे ॲप दिले आहे. ते न वापरता केलेल्या चित्रीकरणावर बचाव पक्ष तासन्‌तास वाद घालू शकतो. खारघरकर, पंचाची गरज त्यामुळे संपत नाही, आणि तुमच्यासारख्यांनी माघार घेतली तर तोच 'नेहमीचा पंच' खरोखर बोलावला जाईल.

खारघरकर
मग पंचाला बुडालेल्या दिवसाचा मोबदला द्या आणि त्याची साक्ष पहिल्याच तारखेला घ्या. तेवढे झाले तर विचार करीन. आज माझे उत्तर 'नाही' असेच आहे.

निवृत्त सहायक फौजदार, कोपरखैरणे
कागदी पाकिटांबाबत मेधाताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागेल, जरी ती पाकिटे आम्ही अनेकदा स्वतःच्या पैशांनी आणत असू. नमुने लगेच पाठवण्याबाबत मात्र त्यांनी न्यायालयातून बाहेर येऊन पाहावे. मुद्देमाल घेऊन एक शिपाई कलिन्याच्या प्रयोगशाळेत गेला, की त्याचा दिवस गेला. तेवढ्यात बंदोबस्त लागला, तर पाकीट कपाटातच राहते.

मेधा, नौपाडा
बंदोबस्ताचे कारण आता न्यायालयात टिकणार नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे आणि ते कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले याची नोंदवही ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. विलंब झालाच, तर त्याचे कारण लिहून ठेवावे लागेल. त्या शिपायाला बंदोबस्तातून मोकळे करणे हे वरिष्ठांचे काम आहे, आणि तुमचा राग त्यांच्याकडे वळला तर मी तुमच्या बाजूने लिहीन.