मदत हवी आहे : आईच्या ओव्यांची जुनी कॅसेट

येत्या माघात आईला जाऊन वर्ष होईल. बार्शीकडच्या आमच्या गल्लीत बाळंतपण असो की मयत, आई सगळ्यांच्या आधी हजर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडीसुद्धा ती शेजारच्या पोरांना वाटायची.

वर्षश्राद्धाला नातवंडांना तिचा आवाज ऐकवायचाय. जात्यावरच्या तिच्या ओव्यांची एकच कॅसेट आहे, १९८८ ची. त्यातली शेवटची ओवी माझ्या मुलीच्या बारशाची, आणि ती आता स्वतः आई झालीये. पण फितीवर पांढरी बुरशी दिसतेय. टेपरेकॉर्डरमध्ये घालायचा धीर होत नाही, तुटली तर संपलंच.

सोलापूर किंवा पुण्यात अशी कॅसेट साफ करून ओव्या मोबाईलवर घेऊन देणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का?